झोटेरोतल्या शीर्षकांची कॅपिटल अक्षरं एकगठ्ठा कशी सुधारायची?

कात्रजकर
मंडळी, मदत पाहिजे. प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे, विषय एकोणिसाव्या शतकातलं दख्खन, शेतकरी, सावकार, १८७५ चे सुप्याचे दंगे वगैरे. झोटेरोत (संदर्भांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) चार हजारांवर नोंदी आहेत ज्या मी वर्षानुवर्षं मिळेल तिथून ओढून ठेवल्यात आणि कधी नीट बघितल्या नाहीत. आता विद्यापीठाला संदर्भ एपीए पद्धतीनं पाहिजेत, सातवी आवृत्ती. त्यात लेखाचं आणि पुस्तकाचं शीर्षक सेंटेन्स केसमधे लागतं, म्हणजे पहिला शब्द, कोलननंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामं सोडली तर बाकी सगळं स्मॉल. माझ्याकडे नुसती खिचडी आहे. जर्नलच्या साइटवरून आलेल्यात प्रत्येक शब्दाला कॅपिटल, जुन्या स्कॅनवरून आलेली काही शीर्षकं अख्खी कॅपिटलमधे ओरडतायत, काही नीट आहेत, आणि घाईत हातानं टाइप केलेली सगळी स्मॉल.

एकेका शीर्षकावर राइट क्लिक करून ट्रान्सफॉर्म टेक्स्टमधे सेंटेन्स केस निवडता येतं हे माहितीये. चार हजार वेळा कोण करत बसणार. स्क्रिप्टनं होतं म्हणतात. मला जावास्क्रिप्ट जेमतेम येतं, म्हणजे दुसऱ्याचा कोड चिकटवता येतो इतपत. कुणी केलंय का हे?

रिकामटेकडा
मी पयला! विषय डोक्यावरून गेला पण चार हजार नोंदींना दंडवत.

जुनी_वही
मी ग्रंथालयात आहे, तालिकीकरणच करते, म्हणून स्क्रिप्टच्या आधी एक सांगते. कुठल्या नोंदींना हात लावायचाच नाही ते आधी ठरव. लायब्ररी कॅटलॉगमधून आलेल्या नोंदी बहुतेक सेंटेन्स केसमधेच असतात, कारण तालिकीकरणाचे जुने एएसीआर-टू नियम काय किंवा नंतरचे आरडीए काय, इंग्रजी शीर्षकात पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच कॅपिटल करायची पद्धत आमच्याकडे आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद ओढलीस तर ती माणसानं बघून केलेली असते, त्यातला मराठाचा एम कॅपिटलच असतो. पबमेडवरची (वैद्यकीय लेखांची सूची) पण सेंटेन्स केसमधे येतात, तुला ती लागणार नाहीत म्हणा. घोळ सगळा प्रकाशकांच्या साइटवरून आणि क्रॉसरेफवरून (लेखांच्या डीओआय क्रमांकांची नोंदणी) आलेल्यांचा, कारण तिथे प्रकाशकानं जे भरलं तेच मिळतं.

झोटेरोत लायब्ररी कॅटलॉग नावाचं एक फील्ड आहे, नोंद कुठून आली ते त्यात पडतं. यादीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून तो कॉलम चालू कर आणि त्यावर सॉर्ट कर. ज्या ढिगाऱ्यात घाण आहे तेवढाच उचल, चांगल्या नोंदींवर स्क्रिप्ट फिरवलीस तर माणसानं केलेलं काम पुसलं जाईल.

कात्रजकर
ताई, हे फील्ड मी आजपर्यंत बघितलंच नव्हतं. सॉर्ट केलं, निम्म्याहून जास्त नोंदी बाजूला निघाल्या. उरलेल्यांचं काय करू?

सेमीकोलन
मी डेव्हलपर आहे, बायकोच्या प्रबंधासाठी हे सगळं केलंय (तिचा विषय वनस्पतिशास्त्र, म्हणजे लॅटिन नावांचा वेगळा छळ). कोड इथे चिकटवला की त्याची पार वाट लागते म्हणून शब्दांत सांगतो, व्यनि (खाजगी निरोप) केलास तर फाइल पाठवीन.

पहिली गोष्ट म्हणजे झोटेरोवाले स्वतःच सांगतात की शीर्षकं सेंटेन्स केसमधे साठवा. त्याला कारण आहे. सेंटेन्स केसवरून टायटल केस करणं मशीनला सोपं, ऑफ, द, अँड असले शब्द सोडून बाकीच्यांना कॅपिटल लावायचं, झालं. उलटं करता येत नाही, कारण टायटल केसमधे पूना आणि पॉवर्टी दोघांचाही पी कॅपिटलच, त्यातलं गाव कुठलं हे अक्षरांवरून कळत नाही. म्हणून उद्या तुझ्या प्रकाशकानं शिकागो पद्धत मागितली तर ती स्टाइल आपोआप टायटल केस करेल, पण एपीए स्टाइल साठवलेलं टायटल केस उतरवून देत नाही. तेव्हा जे करायचं ते एकदाच आणि मूळ नोंदीतच कर.

आता कृती. झोटेरो बंद कर, डेटा डिरेक्टरीतली झोटेरो डॉट एसक्यूलाइट फाइल दुसरीकडे कॉपी कर. मग परत चालू करून आधी ऑटो सिंक बंद कर. हे महत्त्वाचं आहे कारण स्क्रिप्टनं केलेल्या बदलांना अनडू नसतं आणि सिंक चालू असेल तर चुका थेट सर्व्हरवर आणि तिथून दुसऱ्या लॅपटॉपवर जातात. ग्रुप लायब्ररी असेल तर बाकीच्यांच्याही गळ्यात.

टूल्समधे डेव्हलपर, त्यात रन जावास्क्रिप्ट. एक खिडकी उघडते, तिथे एसिंक फंक्शन म्हणून चालवायची खूण असते ती चालू ठेव. स्क्रिप्टचं काम एवढंच की निवडलेल्या नोंदी घ्यायच्या, प्रत्येकीचं टायटल फील्ड वाचायचं, झोटेरोच्या आतलंच सेंटेन्सकेस फंक्शन त्यावर चालवायचं, मग तुझ्या विशेषनामांच्या यादीतले शब्द पुन्हा कॅपिटल करायचे. आणि पहिल्या फेरीत सेव्ह करायचंच नाही! जुनं शीर्षक आणि त्याखाली नवं अशी यादी नुसती छापून घे, ती डोळ्यांखालून घाल, पटलं की मगच सेव्हची ओळ घाल. सेव्ह करताना डेट मॉडिफाइड बदलू नको असं सांगायची सोय आहे ती वापर, नाहीतर सगळ्या नोंदी आजच्या तारखेच्या होतील आणि अलीकडे कशावर काम केलं ते शोधायची पंचाईत.

झोटेरोचं फंक्शन डीएनएसारखे अख्खे कॅपिटल शब्द टायटल केसमधे असतील तर जपतं, पण तुझ्या सुप्याचा एस आणि साताऱ्याचा एस ते जपेल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

वऱ्हाडी_ठेचा
कायले एवढी खटपट करून राहिले भाऊ? ती एसक्यूलाइटची फाइल उघडा, एक अपडेट क्वेरी मारा, दोन सेकंदात चार हजार शीर्षकं लोअर. मी आमच्या हापिसात रोज हेच करतो.

सेमीकोलन
भाऊ, हापिसात करा, इथे नको. फाइल वाचायला उघडली तर हरकत नाही, लिहायला उघडली की झोटेरोच्या तपासण्या चुकवल्या जातात आणि कुठली नोंद बदलली ते सिंकला कळतच नाही. मग सर्व्हरवर एक आणि मशीनवर दुसरं. झोटेरोची कागदपत्रंही हेच सांगतात, बाहेरून फाइलीत लिहू नका.

वऱ्हाडी_ठेचा
बरं बुवा. बसतो गुमान.

कात्रजकर
सेमीकोलन, फाइल मिळाली, धन्यवाद. आधी सोपं म्हणून फक्त अख्खी कॅपिटल असलेली शीर्षकं शोधायला गेलो. कसोटी अशी लावली की शीर्षक आणि त्याचं अपरकेस केलेलं रूप सारखं असेल तर ते ओरडणारं शीर्षक. यादी आली आणि त्यात माझी झाडून सगळी मराठी पुस्तकं! गॅझेटियरची मराठी भाषांतरं, बखरी, सगळं. हे काय आता?

नाना_न्यूजर्सी
हा हा, देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतंच ना! अपरकेस केलं तरी अक्षर तेच, म्हणून कसोटीत मराठी शीर्षक कायम पास. आणखी एक अट घाल, शीर्षक त्याच्या लोअरकेस रूपासारखं नसेल तरच घ्यायचं. मराठी शीर्षक दोन्हीकडे सारखं राहतं म्हणून आपोआप गळतं. ओपनरिफाइनमधे (डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर) फॅसेट म्हणजे गाळणी लावणाऱ्यांनी पण ध्यानात ठेवा, तिथेही हेच होतं.

नुकसान काही नाही, लोअर केलं तरी देवनागरी जशीच्या तशी राहते. पण देवनागरी शीर्षकात मधेच रोमन शब्द असतील तर तेवढे बदलतील.

जुनी_वही
नाना, लगे हाथ रोमनीकृत शीर्षकांचंही सांगा ना. आमच्याकडे अर्धी मराठी पुस्तकं परदेशी कॅटलॉगमधून रोमनमधेच येतात, वर रेघा आणि खाली टिंबं असलेली.

नाना_न्यूजर्सी
तेच लिहायला बसलो होतो, चहा घेऊन.

नेटवर टायटल केसच्या ज्या चार ओळींच्या स्क्रिप्ट फिरतात त्या बहुतेक शब्दाची हद्द शोधून पुढचं अक्षर मोठं करतात. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरात नमुने शोधायची सोय) ती हद्द फक्त साध्या इंग्रजी अक्षरांना अक्षर मानते. रेघवाला ए, टिंबवाला टी, टोपीवाला एन हे तिच्या लेखी विरामचिन्हासारखेच. त्यामुळे ज्ञानेश्वरी रोमनमधे लिहिलीत तर पहिला जे मोठा होतो ते ठीक, मग ञ आणि आ ही चिन्हांकित अक्षरं येतात, ती संपली की स्क्रिप्टला वाटतं नवा शब्द सुरू झाला, म्हणून मधला एन मोठा. पुढे श संपला की व्ही मोठा. एका शब्दात तीन कॅपिटल. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे शिवाजी'ज मधला अपॉस्ट्रॉफीनंतरचा एस मोठा होतो. पायथॉनचं टायटल फंक्शन अपॉस्ट्रॉफीला तसंच फसतं.

उपाय म्हणजे हद्दीचं ते चिन्ह वापरायचंच नाही. युनिकोड फ्लॅग लावून "कुठलंही अक्षर" असा वर्ग मिळतो, २०१८ पासून जावास्क्रिप्टमधे आहे, तो वापरून हद्द आपली आपण ठरवायची. आणि त्याआधी सगळी शीर्षकं एनएफसी (युनिकोडचं जोडाक्षरी, एकसारखं रूप) मधे नॉर्मलाइझ करून घ्या, कारण काही कॅटलॉगमधून रेघवाला ए हा एकच अक्षर म्हणून येतो आणि काहींतून साधा ए अधिक सुटी रेघ असा. दिसायला डिट्टो, मशीनला दोन वेगळे शब्द. तुमच्या विशेषनामांच्या यादीत एका रूपात आणि शीर्षकात दुसऱ्या रूपात असेल तर जुळणारच नाही आणि तुम्ही डोकं आपटत बसाल.

आता सगळ्यात मोठा खड्डा. कुणाकडे हार्वर्ड-क्योटो किंवा आयट्रान्स पद्धतीनं (देवनागरी साध्या इंग्रजी अक्षरांत, रेघाटिंबांशिवाय) लिहिलेली शीर्षकं असतील तर त्यांना अजिबात हात लावू नका. तिथे कॅपिटल हे कॅपिटल नाही, ते वेगळं अक्षर आहे. कॅपिटल ए म्हणजे आ, कॅपिटल टी म्हणजे ट. लोअर केलंत की काल आणि कला दोन्ही एकच होऊन बसतात आणि कुठला कुठला होता ते परत काढता येत नाही. ती आधी देवनागरीत किंवा रेघाटिंबांच्या पद्धतीत रूपांतरित करा, मग पुढचं.

पुस्तकी_किडा
वाचनखूण साठवली. नाना, __/\__

मांडवीकर
पणजीहून. आमच्याकडे पोर्तुगीजचा वेगळाच प्रश्न. पोर्तुगीज शीर्षकं मुळातच सेंटेन्स केसमधे लिहायची रीत, पण शिकागो स्टाइल लावली की झोटेरो त्यातल्या प्रत्येक शब्दाला कॅपिटल करून टाकतं, बघायला फार विचित्र दिसतं. लँग्वेज फील्ड भरलं की थांबतं. पीटी लिहा, कोंकणीला केओके, मराठीला एमआर. ते रिकामं असलं आणि स्टाइल इंग्रजी असली की झोटेरो नोंद इंग्रजीच धरतं. म्हणजे शीर्षकांच्या आधी भाषा भरून घ्या, आणि स्क्रिप्टला सांगा की जिथे इंग्रजी लिहिलंय तिथेच चाल.

कात्रजकर
मांडवीकर, जर्मनचं काय मग? माझ्याकडे सोन्थायमरचं बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावरचं १९७६ चं मूळ जर्मन पुस्तक आहे आणि १९८९ चं इंग्रजी भाषांतर पण. काल ट्रायल फेरीत जर्मनची वाट लागलेली दिसली.

नाना_न्यूजर्सी
लागणारच. जर्मनमधे प्रत्येक नाम कॅपिटल, मग ते विशेष असो की सामान्य. त्याच्या उपशीर्षकात उगम, इतिहास, परिसर, देवता या अर्थाचे शब्द आहेत, ते स्मॉल झाले की जर्मन वाचणाऱ्याला सरळ शुद्धलेखनाच्या चुका दिसतात. वर बिरोबाचा शेवटचा आ रेघेचा आणि खंडोबाचे ण-ड टिंबांचे, म्हणजे दोन्ही रोग एकाच नोंदीत. लँग्वेजमधे डीई भर आणि हात लावू नकोस. इंग्रजी भाषांतराची नोंद मात्र स्क्रिप्टमधून जाऊ दे.

सेमीकोलन
भाषा ओळखून भरायलाही छोटी स्क्रिप्ट चालते. शीर्षकात देवनागरी अक्षर सापडलं तर एका बाजूला काढ, मराठी-हिंदी-संस्कृत हातानं ठरव. डेअर, उंड, फोन असले सुटे शब्द सापडले तर जर्मनच्या ढिगात. शंभर टक्के नाही पण निवडायला सोपं जातं.

खडूस_संपादक
मी या कामाची बिलं लावतो म्हणून थोडं कडू बोलतो. तुमचं सगळं तंत्र ठीक आहे, पण विशेषनाम म्हणजे काय ते स्क्रिप्ट ठरवणार नाही, प्रबंध लिहिणारा ठरवणार. ईस्ट इंडिया कंपनीचा सी कॅपिटल, पण नुसती कंपनी आली तर? पूना सार्वजनिक सभा ही संस्था, तिचा सभाचा एस मोठा, पण शेतकऱ्यांची सभा भरली तर लहान. डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, १८७९ हे कायद्याचं नाव, चारही शब्द कॅपिटल. रयतवारी ही पद्धत, लहान. पेशवा? भक्ती मूव्हमेंटचा एम? आणि सगळ्यात आधी, डेक्कन रायट्समधला आर? इतिहासकार दोन्ही लिहितात. प्रबंधभर एकच ठेवा, परीक्षक नेमका तिथेच पेन्सिल लावतो.

कात्रजकर
सर, हाच प्रश्न माझ्या गाइडनं विचारला आणि वर "तूच ठरव" म्हणून मोकळे झाले.

सेमीकोलन
म्हणून यादीत सुटे शब्द नाही, शब्दसमूह ठेवायचे. पूना सार्वजनिक सभा अख्खं एक, ईस्ट इंडिया कंपनी अख्खं एक, बॉम्बे प्रेसिडेन्सी अख्खं एक. लांबलचक आधी, सुटे नंतर. आणि शब्द पूर्ण जुळला तरच बदल, नाहीतर इंडस नदी यादीत असेल तर इंडस्ट्रीचा आय मोठा होईल आणि गोवा असेल तर गोलचा जी.

पुस्तकी_किडा
यादी बनवायची एक युक्ती सांगते, कुणी करत नाही म्हणून. ज्या नोंदींना सारांश आहे तो सारांश साध्या वाक्यांत लिहिलेला असतो, तिथे टायटल केस नसतं. म्हणजे सारांशात वाक्याच्या मधे जो शब्द कॅपिटलनं सुरू होतो तो जवळजवळ नक्की विशेषनाम. सगळे सारांश एकत्र करून, वाक्याचा पहिला शब्द वगळून, उरलेले कॅपिटल शब्द मोजायचे. जो मधे नेहमी कॅपिटलच येतो तो यादीत, जो कधी असा कधी तसा येतो तो हातानं बघायचा. तुझ्या विषयाची यादी तुझ्याच लायब्ररीतून निघते, बाहेरची दहा हजार गावांची यादी आणायला नको.

कात्रजकर
आयडिया भारी आहे पण माझ्या निम्म्या नोंदींना सारांशच नाही, सगळी जुनी पुस्तकं.

पुस्तकी_किडा
निम्मे पुरतात रे, नावं तीच तीच येतात. नाहीच पुरले तर मुख्य पुस्तकांच्या मागची सूची टाइप कर. ती म्हणजे कुणीतरी आयती केलेली विशेषनामांची यादीच.

आळशी_अजगर
एवढं सगळं चॅटजीपीटीला का देत नाही? चार हजार शीर्षकं चिकटव, सेंटेन्स केस कर म्हण. दहा मिनिटांचं काम.

खडूस_संपादक
द्या की. मग तो एखाद्या जुन्या शीर्षकातलं पूना गुपचूप पुणे करेल, १८९० च्या स्पेलिंगची दुरुस्ती करेल, उपशीर्षक खाईल, आणि तुम्हाला कळणार नाही कारण बाकीची सगळी बरोबर असतील.

सेमीकोलन
दोघंही बरोबर आहात, पण याला एक सोपी चाळणी आहे आणि ती मी प्रत्येक पद्धतीला लावतो, स्क्रिप्ट असो की एआय. जुनं शीर्षक अख्खं लोअर करायचं, नवं शीर्षक अख्खं लोअर करायचं, दोन्ही अक्षरन्‌अक्षर जुळले तरच सेव्ह. आपण फक्त अक्षराचा आकार बदलतोय ना, मग लोअर केल्यावर फरक उरायलाच नको. पूनाचं पुणे झालं, कॉमा गेला, दोन स्पेस जास्त आल्या, सगळं तिथेच अडकतं. न जुळलेल्या नोंदींना एक टॅग लावून ठेवायचा आणि संध्याकाळी हातानं बघायच्या. फक्त एनएफसी आधीच करून घे, नाहीतर त्याच कारणानं भाराभर अडकतील.

आळशी_अजगर
हे पटलं. प्रतिसाद काढून टाकणार होतो, राहू देतो.

लाटेक्सवाला
बेटर बिबटेक (झोटेरोतून लाटेक्ससाठी संदर्भ काढून देणारा प्लगइन) वापरणाऱ्यांसाठी अवांतर: तुम्हीही झोटेरोत सेंटेन्स केसच ठेवा. तो प्लगइन एक्स्पोर्ट करताना टायटल केस करतो आणि विशेषनामांभोवती महिरपी कंस स्वतः घालतो. हातानं कंस घालून ठेवू नका, ते वर्डमधे गेल्यावर तसेच छापले जातात.

कात्रजकर
मंडळी, अपडेट. भाषा भरली, सारांशातून यादी काढली, गाळून साडेतीनशेच्या आसपास शब्द आणि शब्दसमूह उरले, चाळणी लावली, छापील यादी दोन वेळा वाचली आणि सेव्ह केलं. डेक्कन रायट्सचा आर कॅपिटल ठेवलाय, गाइडना आवडो न आवडो. टॅग लागलेल्या नोंदी उरल्यात, त्या या आठवड्यात बघतो.

एक शेवटचं, जर्नलच्या नावांवर पण हीच स्क्रिप्ट फिरवू का? आणि कोलननंतरचं पहिलं अक्षर बऱ्याच ठिकाणी स्मॉल राहिलंय.

जुनी_वही
जर्नलच्या नावाला अजिबात हात लावू नकोस. एपीएत लेख सेंटेन्स केसमधे पण नियतकालिकाचं नाव जसं आहे तसं, सगळ्या मुख्य शब्दांना कॅपिटल. त्याचं फील्ड वेगळं आहे, पब्लिकेशन. संपादित ग्रंथातल्या प्रकरणांचं मात्र बघ, तिथे ग्रंथाचं नाव बुक टायटल या तिसऱ्याच फील्डमधे असतं आणि एपीएला तेही सेंटेन्स केसमधे लागतं. तुझी स्क्रिप्ट फक्त टायटल वाचते, म्हणजे प्रकरण नीट आणि ग्रंथ टायटल केसमधे असं दिसेल.

सेमीकोलन
कोलनचं सोड, एपीए स्टाइल लावली की उपशीर्षकाचं पहिलं अक्षर झोटेरो छापताना स्वतः मोठं करतं, नोंदीत स्मॉल असलं तरी चालतं. बुक टायटलसाठी त्याच स्क्रिप्टमधे फील्डचं नाव बदल, निवड करताना फक्त प्रकरणांच्या नोंदी घे, आणि शॉर्ट टायटल भरलेलं असेल तर त्यावर पण एक फेरी मार. सिंक त्यानंतर चालू कर.

रिकामटेकडा
आता कळला विषय.